सुईखाली कापड नव्हतं

हॅलो?… हो, मीच. हळू बोल, हळू… अगं, मी गोदामात आहे, कापडाच्या ताग्यांमागे. तू कुठे आहेस?… जिन्यात? एकटीच जेवतेस?… रडू नकोस गं, घास अडकेल.

हो, हो… अगं ऐक ना! कोणी आत आलं तर मी तुला सासूबाई म्हणेन, समजून घे… का म्हणजे? अख्ख्या शिवणखात्याने तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय, आणि वर मलाच विचारतेस का?

तुझंच बरोबर आहे. मागच्या दाराला कुलूप, वर पुढ्यात खोकी रचलेली. आग लागली तर एवढ्या जणींनी जायचं कुठून?… मान्य गं! पण तू मालकांना बोललीस आणि त्यांनी सगळ्यांचीच शनिवारची अर्धी सुट्टी बंद केली. आग लागेल तेव्हा लागेल, सुट्टी तर गेली ना!… नाही, हे मी नाही म्हणत, इस्त्रीवाल्या मावशी म्हणतात.

काय?… सकाळचं? हो… ठरलंच होतं. तू तोंड उघडलंस की सगळ्यांनी मशिनी सुरू करायच्या. त्या काज-बटणवालीने काढली ही टूम… माझीही चालू होती, बघितलंस ना तू. पण शप्पथ सांगते, माझ्या सुईखाली कापडच नव्हतं. नुसतंच पायडल दाबत बसले होते. दोरा असा गुंतलाय की अजून सुटत नाहीये… हसतेस काय? मला माझीच लाज वाटतेय गं.

संध्याकाळी?… हो, ऐकलं. मालक सगळ्यांसमोर विचारणार, आणखी कोणाची तक्रार आहे का. कोणीच उठलं नाही, तर तुला उद्यापासून येऊ नकोस म्हणणार… माहितीये गं! तुझ्या घरी तुझ्याशिवाय कमावतं कोण आहे, मला का ठाऊक नाही?

उठेन… अगं उठेन म्हटलं ना! फक्त माझ्याआधी एक कोणीतरी उठू दे. एकच. इस्त्रीवाल्या मावशी उठल्या तरी… काय? त्याही तुला हेच म्हणाल्या? एक कोणीतरी उठू दे म्हणून?… मग बाई, मी तरी काय करू? सांग ना, मी एकटी काय करू?

थांब… दार वाजलं.

अगंबाई, मावशी! सगळ्याच आलात? या ना… छे हो, कोणी नाही, सासूबाईंचा फोन आहे… हो आई, बोला… जेवले मी… असं काय करता आई, रडू नका ना… संध्याकाळी?… संध्याकाळी नाही जमायचं हो आई… नाही… माझा काही इलाज नाही…

हॅलो?… हॅलो?…

नाही, नाही मावशी, चालू आहे, चालू आहे फोन. व्हा तुम्ही पुढे, आलेच मी… हो आई, ऐकतेय… बोला ना… काहीतरी बोला ना, आई…