धाकट्याचे पाढे

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई दाढ धरून बसल्या होत्या. शेजारी दोन मैत्रिणी बोलत होत्या. एकीच्या मांडीवर खोकणारा मुलगा होता. दाढ दुखत असली तरी शिंपीणबाईंचे कान शाबूत होते.

"थोरली शाळेत जाते ना अजून?"

"जायची, याला कडेवर घेऊन. मी दिवसभर कारखान्यात, मग याला सांभाळणार कोण? त्यांच्या बाई बिचाऱ्या चांगल्या. म्हणाल्या, आण त्यालाही, बसेल कोपऱ्यात."

"मग बरंच झालं की."

"कसलं बरं? हा रडला की ही वर्गाबाहेर, याला शी आली की ही वर्गाबाहेर. शेवटी झाली नापास."

"अगंबाई. आणि हा काय करायचा तिथे?"

"तेच तर सांगतेय. परवा जेवताना पठ्ठ्यानं पाढे म्हणायला सुरुवात केली. कुठे अडलाच, तर थोरली भांडी घासता घासता पुढचं सांगायची. याचे बाबा तर चाट पडले. म्हणाले, पोरगं हुशार आहे, याला शिकवायचंच."

"आणि थोरलीचं काय?"

"तिचं डोकंच नाही गं अभ्यासात. तिला काढलं, याचं नाव घातलं."

आतून नर्सनं शिंपीणबाईंना दुसऱ्यांदा हाक मारली. त्या उठल्या नाहीत.

"पण शाळा केवढी लांब. याला रोज सोडायला कोण जाणार?"

"थोरली आहे ना. तिला रस्ता पाठ आहे."