आमच्या बालवाडीचा पहिला नंबर

…आणि वर मलाच म्हणतो, "आजी, पर्याय आहेत की!" नगरपालिकेतला कारकून हो, मान वर न करता! अरे मेल्या, पर्याय कशाला म्हणतात कळतं का तुला? तुम्हाला सांगते, अख्ख्या गावात सरकारी बालवाड्या दोन. एकीला बाई आहेत, पण खोली नाही. आगीच्या बंबाशेजारी पत्र्याखाली बसवतात पोरांना, बंब निघाला की उठवायचं, बंब आला की परत सरकवायचं, आणि तिथंसुद्धा म्हणे जागा नाही. दुसरीला खोली आहे… भिंतीवर हत्ती, छोट्या छोट्या लाल खुर्च्या, खिडकीतून सगळं दिसतं. बाई नाहीत. दाराला कुलूप. घ्या, निवडा आता!

आणि आमची नात, चार वर्षांची, रोज सकाळी दप्तर लावून पायरीवर बसते. तिची आई जाते कामावर, उत्तरं द्यायला मी. "आजी, आज शाळा?" काय सांगू? पर्याय आहेत, बाळा?

तर परवा सकाळी त्या पत्र्याखालच्या बाईंचा फोन. "आजी, नातीला घेऊन लगेच या." मला वाटलं, लागला नंबर! गुडघे गेले खड्ड्यात, धावले. बघते तर काय, हत्तीच्या खोलीचं कुलूप काढलेलं, पत्र्याखालची पोरं लाल खुर्च्यांवर, आणि कारकून स्टुलावर चढून फुगे बांधतोय. तपासणी होती हो! साहेब आले, विचारतात, "माझा शर्ट कुठल्या रंगाचा?" बाकीच्यांनी भोकाड पसरलेलं. आमची उठली, "पांढरा होता. आता मळलाय." साहेब असे खूश, असे खूश… "वा, काय तयारी करून घेतलीय बाईंनी!" बाईंनी? मी घेतलीय, पायरीवर बसून!

दुसऱ्या दिवशी पोरगी माझ्या पुढे पळत तिथं. कुलूप. वर नवी कोरी पाटी, 'उत्कृष्ट बालवाडी'. खिडकीला नाक लावून म्हणते, "आजी, माझी खुर्ची ती." तशीच गेले नगरपालिकेत, असा झापला त्याला, असा झापला… तर म्हणतो काय, "आजी, आता तर उत्कृष्ट पर्याय आहे!"

येताना बंबाजवळ बाई भेटल्या. हळूच म्हणतात, "पुढच्या वर्षी तपासणीला हिलाच आणा हं, हुशार आहे."

आणते म्हटलं. करता काय… वर्षातून एक दिवस का होईना, पोरगी शाळेत तरी बसेल.