भट्टी बंद करा म्हणणाऱ्या शैलजाताई

मातोश्री, लेकीसाठी तुम्ही या वयात धारहून आलात. ताईंचे यजमान अविनाशदादा, लेक मुक्ता, आमच्या वर्कशॉपमधले सगळे भिया लोक, माझे कामावरचे भाऊ, आणि ताईंसाठी आज इथे बसलेले तुम्ही सगळे.

बोलायला उभा राहिलो खरा, पण भाषणाची सवय नाही. माझी शाळा धारकडच्या मनावर गावात झाली, हिंदीत. मराठी घरात बोललो, लिहिली कधी नाही. म्हणून कागद आणलेला नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी नितीन. देवासच्या वर्कशॉपमध्ये शैलजाताईंच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं. तुमच्यातल्या पुष्कळांना ताई ओळखीच्या आहेत, पण त्यांचं काम काय होतं ते ठाऊक नसेल. मोठ्या भट्ट्यांमध्ये निकेल-क्रोमच्या नळ्या असतात. आत गॅस जळतो, नळी लाल होते. एवढ्या उष्णतेत हवेतला ऑक्सिजन धातूला खात सुटतो. म्हणून आम्ही नळीवर अ‍ॅल्युमिनियमचा लेप चढवतो. तापल्यावर त्या लेपावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तो खालच्या धातूला वाचवतो. जोवर चिकटून आहे, तोवर. भट्टी थंड झाली की धातू आकसतो, थर तेवढा आकसत नाही. मग तो पापुद्र्यासारखा सुटतो. हा थर टिकेल का? ताईंचं सगळं नोकरीतलं आयुष्य या एका प्रश्नात गेलं.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या चुकीची आहे.

मला कामाला लागून वर्षच झालं होतं. धारकडच्या एका कारखान्याच्या नळ्यांवर लेप चढवायचं काम आलं. ताईंनी तपासणी माझ्यावर सोपवली. लेप दिलेले छोटे नमुने क्रुसिबलमध्ये, म्हणजे चिनीमातीच्या वाटीत ठेवायचे, भट्टीत तापवायचे, थंड करायचे, वजन करायचं. पुन्हा तापवायचे. असे कित्येक दिवस. ऑक्साइड चढला तर वजन वाढतं, पापुद्रा उडाला तर घटतं. एका नमुन्याचं वजन जवळपास हललंच नाही. मी खूश. अहवालावर पहिल्यांदा माझं नाव येणार होतं. घरी मनावरला फोन करून सांगूनही टाकलं. ताईंनी माझ्यावर भरवसा ठेवून सही केली. नळ्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात ताई माझी वही वाचत बसल्या होत्या. मला हाक मारली.

“नितीन, या नमुन्याचं वजन वाढतही नाही, घटतही नाही. कसं काय?”

मी म्हटलं, “ताई, लेप चांगला बसलाय.”

“किंवा जेवढा चढतोय तेवढाच उडतोय. वाटीच्या तळाशी काय होतं?”

“काही नाही ताई. स्वच्छ होती.”

हे खोटं होतं. वाटीत राखाडी पापुद्रे पडलेले मी पाहिले होते. मनाला म्हटलं, भट्टीच्या विटांचा चुरा असेल. आणि फुंकर मारून उडवून दिले. एकदा नाही, तीनदा.

ताईंनी वही मिटली. तोच लेप दिलेला नवा नमुना काढला आणि सगळी तपासणी पहिल्यापासून सुरू केली. या वेळी दर फेरीला स्वतः भट्टीशी उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी नमुना बाहेर काढून वाटीत थंड होत होता. मला म्हणाल्या, “जवळ ये. ऐक.”

मी कान दिला. टिक. थोड्या वेळानं पुन्हा टिक. कडेचा थर तडकून खाली पडत होता.

कैलासभिया तेव्हा भट्टी सांभाळायचे. आज मागे बसले आहेत. ते म्हणाले, “मॅडम, माल तो लग भी गया होगा.” ताईंनी त्यांना विचारलं, “तिकडे भट्टीसमोर कोण उभं असतं, भिया?” ते म्हणाले, “हमारे जैसा ही कोई.” ताईंनी पर्स उचलली आणि मला म्हणाल्या, “चल.”

देवासहून इंदूरवरून धारच्या रस्त्याला लागेपर्यंत ताई माझी वही पुन्हा वाचत होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होतो. ताई, मी पाहिले होते. एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

कारखान्यात नळ्या बसवून झाल्या होत्या. भट्टी चालू होती. तिथले मॅनेजर आज या सभेला आले आहेत, त्यांना आठवत असेल. ताई म्हणाल्या, “भट्टी बंद करा. नळ्या उतरवा.” मॅनेजरसाहेब संतापले. संतापणारच. चालती भट्टी बंद करणं म्हणजे अख्खी पाळी घरी पाठवणं. ते म्हणाले, “अहो, पण आठ दिवसांपूर्वी तुम्हीच पास केलंय.”

“हो. सही माझी आहे. चूक माझी आहे,” ताई म्हणाल्या.

मी शेजारी उभा होतो. तेव्हाही गप्प राहिलो.

भट्टी निवली, नळ्या उतरल्या. टोकांच्या धारदार कडांवरचा लेप सुटला होता. खालचा धातू काळा पडला होता. अजून काही महिने चालल्या असत्या, मग भोक पडून आतला जळता गॅस बाहेर आला असता. तेव्हा समोर कोण उभं असतं, ते कोणी सांगावं?

त्यानंतर चार महिने आम्ही फक्त कडांवर काम केलं. कडा घासून गोल केल्या, लेप देण्याआधीची सफाई बदलली. वाटीवर झाकण ठेवायला लागलो आणि तळाशी पडलेला कणन्‌कण वजनात धरायला लागलो. नवे नमुने टिकले. त्याच कारखान्यात नव्या नळ्या लागल्या आणि बरीच वर्षं चालल्या. ताईंनी मला काढलं नाही. रागावल्याही नाहीत. खरं सांगू? त्याचाच मला राग यायचा. ओरडल्या असत्या तर मोकळा झालो असतो.

आठ वर्षं मी ते पोटात ठेवलं.

यंदा ताई अंथरुणाला खिळल्या. गेल्या महिन्यात भेटायला गेलो होतो. दादा चहा करायला आत गेले आणि मी बोलून टाकलं. म्हटलं, “ताई, ते पापुद्रे मी पाहिले होते. खोटं बोललो.”

ताई म्हणाल्या, “ठाऊक होतं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.” उशीला टेकल्या. दम लागत होता. म्हणाल्या, “पण एक सांग. तेव्हा तुला माझी भीती वाटायची का?”

मला वाटलं होतं, त्या माफ करतील, नाहीतर दोन शब्द सुनावतील. हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं. पण आता पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, “वाटायची, ताई. फार.”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, “म्हणजे अर्धी चूक खरंच माझी होती. कारखान्यात ‘चूक माझी आहे’ म्हटलं, ते उगाच नव्हतं. आता तुझ्या हाताखाली नवी मुलं आहेत. त्यांना तुझी भीती वाटते का, विचार एकदा.”

मी हो म्हटलं. पण विचारायला धीर झाला नाही. ताई गेल्या, दिवसकार्य झालं, मी कामावर परतलो, आणि परवा विचारलं. चौघं आहेत माझ्याकडे. तिघं म्हणाली, “नहीं सर.” चौथी, सरदारपूरची मुलगी, वहीचा कोपरा दुमडायला लागली. मग म्हणाली, “थोडी लगती है.” आणि आदल्या दिवशी तिच्या हातून नमुना पडला होता, तो तसाच परत भट्टीत ठेवला होता, ते तिनं सांगितलं. मी खुर्ची ओढली. म्हटलं, बैठ, आराम से बता. आम्ही ती तपासणी पहिल्यापासून सुरू केली आहे.

ताईंना हे सांगायचं राहिलं. म्हणून इथे सांगितलं.

आता ज्यांना उभं राहणं जमेल त्यांनी उभं राहावं, मातोश्रींनी बसूनच राहावं. थोडा वेळ आपण कोणीच काही बोलू नये.

ताई, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.