मॅकरोनीचा कोपरा

मेम्फिसच्या चर्चमधल्या जेवणाच्या रांगेत तिथल्या मानाच्या ज्येष्ठ बाई मदर अर्लीन तीस वर्षांत पहिल्यांदाच रिकामी ताटली घेऊन उभ्या होत्या. त्यांचा वाढायचा मोठा चमचा आज झेनोबियाच्या हातात होता, सिनेमातल्या झेनोबियाच्या. रांगेत त्यांच्या पुढे कुजबुजणाऱ्या दोघी बायकांनी मागे वळून पाहिलंच नव्हतं.

“एवढी मोठी नटी, पण ॲप्रन बांधून वाढतेय बघ. गर्व म्हणून नाही!”

“कॅमेरा कुठे लपवलाय ते बघ आधी.”

“नाही गं, तिने सगळ्यांना फोनसुद्धा बंद करायला लावलेत.”

“मग तर मला जास्तच संशय येतो. अर्लीनने चमचा सोडलाच कसा?”

“‘मदर, तुम्ही थकलात, आज मी वाढते,’ म्हणाली आणि गालाचा पापा घेतला.”

“अर्लीन आणि थकली? दोन पाद्र्यांना पुरून उरलीय ती!”

“पण नाही कसं म्हणणार? चर्चचं नवं छप्पर हिच्याच पैशांनी झालं ना.”

“आणि ट्रेमध्ये भाजलेल्या मॅकरोनीचे ते कुरकुरीत कोपरे? अर्लीन ते कुणाला द्यायची, ठाऊक आहे ना?”

“ज्याचं तोंड बंद करायचं असेल त्याला.”

दोघींना मधली मऊ मॅकरोनी मिळाली. मग मदर अर्लीननी ताटली पुढे केली.

झेनोबिया गोड हसली.

“या मदर. चारही कोपरे तुमच्यासाठीच राखून ठेवलेत.”