मुरमाच्या मैदानाचा सौदा

आमी तांड्यावरचे. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, मग रेल्वे आली, मोटारी आल्या, माणसं शेतीला लागली, पण माझ्या बापाच्या वाट्याला शेतच आलं न्हाई, म्हणून मी सेनगावच्या बाजारात बैलांच्या दलालीला लागलो. दात पाहून वय सांगायचं, चाल पाहून खोड ओळखायची, हे मला कोणी शिकवलं न्हाई. फसलो, शिव्या खाल्ल्या, तसं शिकलो. आज या भागात परसराम म्हणलं की लोक म्हणतात, भांडकुदळ आहे पण बैलातलं कळतं त्याला. दोनी गोष्टी बराबर आहेत.

फुटबॉल कसा आला विचारता, तर तो सौद्यात आला. नव्वदच्या आसपासची गोष्ट असंल. वाशिमकडचे एक खेळाचे मास्तर आपल्या बापासाठी बैलजोडी घ्यायला आले होते, भाव अडला, ते वर चढनात, मी खाली उतरंना, तेवढ्यात त्यांच्या जीपमध्ये मला चेंडू दिसला. मी म्हणलं, मास्तर, तुमच्या भावात देतो, वरून तो चेंडू द्या. ते म्हणाले, अहो, तुमाला काय करायचं त्याचं, मी म्हणलं, बैल खेळंल. सगळा बाजार हसला. आता लोक म्हणतात परसरामनं दूरवरचा विचार केला, पोरांसाठी केलं. काय सांगू तुमाला, काही विचार केला न्हाई. वरून काही घेतल्याबिगर मला सौदा सोडवतच न्हाई, एवढंच खरं.

पण चेंडू तांड्यावर आला आणि पोरं येडी झाली. माझ्या बहिणीचा गणेश, तेव्हा शाळेत होता, तो म्हणे, मामा, जागा पाहिजे. वाटेत खेळले तर बाभळीचे काटे, वावरात खेळले तर मालक दगड घेऊन मागं. तांडा आणि डांबरी रस्ता यांच्या मधात गावातल्या आबारावांचा एक तुकडा होता, नुसता मुरूम, कुसळाबिगर काही उगवत नव्हतं. आबाराव मोठे शेतकरी, हळदीवाले, त्यांना खत पाहिजे, आणि माझ्या गोठ्यात बाजाराचे बैल बांधलेले, शेणाला तोटा न्हाई. पण भावाभावांत त्यांची वाटणी झालेली नव्हती, आपण जागेवर काही घेतो हे भावांना कळू नये असं त्यांच्या मनात. मग आमी आमच्या पद्धतीनं केलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत, रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून सांगतात, बाजूला उभ्या माणसाला काही कळत न्हाई. तसं वर्षाला खताच्या किती गाड्या, ते बोटांवर ठरलं, आणि तोंडानं आबाराव म्हणाले, परसराम, पोरं खेळतील तवर जागा त्यांची. साक्षीदार न्हाई, कागद न्हाई. मी दुसऱ्याला दात पाहिल्याबिगर बैल घेऊ देत न्हाई, आणि स्वतः असा सौदा केला.

जुन्या गाडीच्या दांड्या रोवून गोलाचे खांब केले. पहिल्या वर्षी तांड्याचीच पोरं, मग गावातली आली, सुरुवातीला वेगवेगळी बसायची, पाण्याचा हंडा पण वेगळा, मग एकदा हिंगोलीत जाऊन असे हरले, असे हरले, की जीपमध्ये सगळे मिळून रडत आले, आणि त्या दिवसापासून हंडा एक झाला. मंडळ निघालं, एका रंगाचे सदरे आले, नांदेडपर्यंत जाऊन जिंकून आले. मी प्रत्येक सामन्याला कडेला उभा. मला आजही ऑफसाइड कळत न्हाई, पण पंचाशी भांडायला मीच पुढं. गणेश म्हणायचा, मामा, तुमच्यामुळं आपल्याला शिट्ट्या जास्त वाजतात.

दरसाल उन्हाळ्यात मी न चुकता गाड्या टाकल्या. पंधरा-सोळा वर्षं. मग आबाराव वारले, वाटणीत तो तुकडा त्यांच्या पोराकडं, विलासकडं आला, इकडं रस्ता रुंद झाला, नाक्यापर्यंत ढाबे लागले, आणि विलास एक दिवस पोरांना म्हणाला, पावसाळ्याच्या आत जागा खाली करा. तिथून माझी झोप गेली ती गेलीच. मी हॉटेलात गाठलं त्याला. म्हणलं, तुझ्या बापानं जबान दिलेली आहे, मी खत टाकलंय. त्यानं चार माणसांत चहा फुंकत विचारलं, शेणाची पावती आहे का मामा? लोक हसले. तिथं गप बसायला पाहिजे होतं. बाजारात असतो तर बसलो असतो, समोरचा चिडवतो तेव्हा भाव त्याच्याच हातात असतो, हे मीच पोरांना सांगायचो. पण माझ्या तोंडून गेलं, तुझा बाप माझ्या शेणावर मोठा झाला. मेलेल्या माणसाला बोललो. विलासनं पेला ठेवला, म्हणाला, आता तर एक इंच देत न्हाई.

मग रोज उजाडलं की मी रस्त्यावर. ट्रॅक्टरचा आवाज आला की, कोणाचा का असंना, येऊन बघायचो. बायको म्हणायची, जागा का तुमच्या बापाची आहे, जेवा तरी. एक दिवस खरंच नांगर आला, रस्त्याकडच्या कोपऱ्यात तीन सऱ्या पाडून गेला, का थांबला कोणाला माहीत न्हाई. मी ती ढेकळं पायानं फोडत बसलो.

आठ-दहा दिवसांनी गेलो तर मैदानावर चुन्याच्या नव्या रेषा, पण आडव्या. मला काही उमजंना. गणेश आला, आता तो मंडळाचा अध्यक्ष आहे, मान खाली घालून उभा. त्याच्याकडून कळलं, विलासला सरपंचकीला उभं राहायचं होतं, पोरांच्या घरोघर मतं आहेत, म्हणून तो पोरांशी सौद्याला तयार झाला. रस्त्याकडची पट्टी ढाब्याला त्याची, मागची जागा बारा वर्षं पोरांची, स्टॅम्पवर लिहून, म्हणून मैदान आडवं फिरवलेलं. मी म्हणलं, शाब्बास. गणेश म्हणाला, मामा, एक अट आहे. तुमचं नाव मंडळातून काढायचं आणि तुमी मैदानात पाय ठेवायचा न्हाई. तुमी त्याच्या वडलाला बोलले. मी विचारलं, आणि तुमी काय म्हणले? तो चुन्याची रेघ पायानं सारखी करत राहिला. म्हणजे सही झालेली.

त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते तुमी लिहू नका. तिसऱ्या दिवशी त्याला निरोप धाडला, कागद घेऊन ये. त्यानं वाचला, मी ऐकला. मग विचारलं, विलासनं जागा दुसऱ्याला विकली तर? कागदात नव्हतं. म्हणलं, जा, विकली तरी बारा वर्षं पोरांचीच, अशी ओळ घालून आण. विलासनं विचारलं, हे कोणाच्या डोक्यातलं, गणेशनं सांगितलं, वकिलाच्या. बराबर केलं पोरानं. माझं नाव आलं असतं तर विलासनं ती ओळ घातलीच नसती. मी त्या पोरांच्या जागी असतो तर हाच सौदा केला असता, आणि अजून लवकर केला असता. पण ज्यानं चेंडू आणला त्याला एका शब्दानं विचारलं न्हाई, हे मला गिळवत न्हाई. आणि बारा वर्षांनी काय, ते आतापासूनच डोक्यात फिरून राहिलं.

तेव्हा तुमाला घरी न बोलावता या चहाच्या टपरीवर बोलावलं, ते यासाठी. सामना असला की मी इथंच बसतो. रस्त्याच्या अलीकडं, अटीच्या बाहेर. त्या ढाब्याच्या भिंतीमुळं मला एकाच टोकाचा गोल दिसतो, दुसऱ्या टोकाचा झाकला. पोरं सुखात खेळोत, त्यांचे पाय धड राहोत, बाकी काही मागणं न्हाई. थांबा, ऐकलं का? मोठा आवाज झाला, झाकलेल्या बाजूला. आता दुसरा अर्धा खेळ, बाजू बदलल्या, तिकडं आपली पोरं गोल मारतात का खातात, माझ्या ध्यानातच राहत न्हाई. तुमच्यावर काही अट न्हाई, साहेब. ठेवा ती वही, जरा पलीकडं जाऊन बघून या बरं, कोणाचा झाला.