रुळलेले बूट

मुरगळलेला पाय स्टुलावर टाकून शिंपीणबाई दवाखान्यात नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर साठीचं एक जोडपं होतं. बायकोला परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांवर ट्रेकला जायचं होतं, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता. शिंपीणबाईंनी समोर मासिक धरलं आणि कान तिकडे लावले.

“हे बघ, धाप लागली की थांबायचं. मैत्रिणींच्या नादी लागून पळायचं नाही.”

“मग तुम्हीच चला की थांबवायला.”

“मी? मला माळ्यावर चढलं तरी गरगरतं.”

“माळ्यावर कधी चढलात तुम्ही?”

“विषय बदलू नकोस. तुझे बूट बघ, कसे रुळवलेत! महिनाभर रोज घालून टेकडी चढलो, तुला फोड येऊ नयेत म्हणून.”

“आपलं तेवढं पायाचं मापच काय ते जुळलं.”

“घालून तर बघ.”

“घातले. अहो, अंगठ्यापाशी फुगलेत, टाचेत कललेत. हे तुमच्या पायाचे झालेत.”

“अरेच्चा! आता गं?”

“मी दुसरे आणलेत. आठवडाभर तेच घालून स्वयंपाक करतेय. तुमचं लक्ष असेल तर ना!”

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“रोज टेकडी चढत होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला?”

आतून हाक आली, “ट्रेकचा दाखला कोणाला हवाय?”

“दोघांना,” बायको म्हणाली आणि तिने पायातले बूट काढून नवऱ्यापुढे ठेवले.

“अगं, पण मला गरगरतं...”

“नाड्या बांधा आधी.”

तो वाकला आणि बांधू लागला.