तवा बोललं ते कोण

मिरजेच्या दवाखान्यात, व्हरांड्यातल्या बाकावर हाजराबी नवऱ्याची वाट पाहत बसली होती. शेजारच्या जोडप्याचं बोलणं नको म्हटलं तरी कानावर पडत होतं. बाईच्या मुठीत गोळी होती.

“घे की रंगू. डॉक्टरांनी तुझ्यादेखतच सांगितलं.”

“देवी अंगात येत न्हाई, मेंदूचा झटका येतोय. आसंच न्हवं?”

“व्हय. एकाहत्तरच्या लढाईत डोक्याला मार लागलेल्या आमच्या पलटणीतल्या एका जवानाला बी यायचा. गोळ्यांनी थांबला.”

“मग आवं, इतकी वर्सं गाव पाया पडलं, ते कुणाच्या?”

“झालं ते झालं.”

“लीलाबाईचं पोरगं तापानं फणफणलं, तवा माझ्या अंगात आलं. ‘हलवू नगा त्येला,’ आसं तोंडातनं निघालं. त्यांनी दवाखान्यात न्हेलं न्हाई. पोरगं गेलं.”

“देवीनं न्हेलं, आसं लीलाबाईच म्हणती. अजून तुझी वटी भरती.”

“देवी आसंल तर तिची मर्जी. पर झटका आसंल, तर तवा बोललं ते कोण?”

रंगूच्या नवऱ्यानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं धरला. हाजराबीनं पदर सावरत मान दुसरीकडं वळवली.

“गोळी न्हाई घेतली तर?”

“पुन्हा अंगात येईल. पुन्हा कुणीतरी आजारी पोर घिऊन तुझ्या पायाशी बसंल.”

बाईनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याली आणि नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

“तरीबी आलंच, तर माझ्या तोंडावर हात ठेवा. मला बोलू दिऊ नगा.”